ताणाचं वेळापत्रक

गावी, कळसला, माझ्या चुलत्यांच्या घरी पाहुणा आला की मला ओट्यावर बोलावून घेतात. "ही आमची पोरगी. बारामतीच्या कालेजात आसती. उंदरांस्नी दुःखी करायचं शिकलीया." पाहुणा हसतो, मग माझ्याकडं बघून गप्प होतो, कारण मी हसत नाही. "खरंच हाय," मी म्हणते. पूर्वी पुढचं समजावून सांगायला बसायचे. आता चहा पिते आणि आत जाते.

इथं मात्र सांगते. इथं कुणी मध्येच उठून गेलं तरी मला दिसणार नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. हे मी न विचारता सांगते आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. आई शाळेची पायरी चढलेली नाही, वडिलांची सातवीत सुटली. मी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली, पदव्युत्तर केलं आणि मग पीएच.डी.ला नाव नोंदवून बसले. बसले हाच शब्द बरोबर आहे. माझ्याबरोबरच्या पोरींची लग्नं झाली, त्यांची पोरं शाळेत जाऊ लागली, आणि मी डिप्लोमाच्या मुलांना तासिका तत्त्वावर शिकवून उरलेल्या वेळात कॉलेजच्या मागच्या अंगाला असलेल्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांपुढं उभी.

तासिका तत्त्व म्हणजे शिकवलं तेवढं आपलं, सुट्टी लागली की आपण कुणीच नाही. पक्कं व्हायचं तर पीएच.डी. हवी. तिची मुदतवाढ संपत आली होती, पुढची मिळणार नव्हती. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या कमिटीनं मंजूर केलेल्या उंदरांतली शेवटची तुकडी पिंजऱ्यात होती. आधीची तुकडी उन्हाळ्यात एसी बंद पडला तेव्हा बाद झाली. ज्यांना ताण द्यायचा ते आणि ज्यांना द्यायचा नाही ते, सगळे सारखेच आडवे झाले. आता ही तुकडी गेली की माझी नोंदणी गेली. आणि नोंदणी गेली की इतकी वर्षं बारामतीत काय करत होतीस, हे अख्खं गाव विचारणार होतं.

काम असं होतं. माणसावर संकट आलं की मेंदू हुकूम सोडतो आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात ताणाचं संप्रेरक सोडतात. त्यानं अंगात पळायची, लढायची ताकद येते. तेच संप्रेरक रक्तातून फिरून मेंदूत पोचतं. तिथं त्याला ओळखणारे रिसेप्टर असतात. ते म्हणतात, पोचलं, आता पुरे. मग ग्रंथी थांबतात. आमच्याकडं घरावरच्या टाकीत फ्लोट असतो ना, टाकी भरली की तो वर येतो आणि मोटर बंद होते, तसंच. ताण थोडा वेळ टिकला तर हे सगळं नीट चालतं. महिनोन्‌महिने टिकला की रिसेप्टर कमी होतात, आहेत ते बधिर होतात. पाणी टाकीवरून वाहतंय, भिंत भिजतेय आणि मोटर चालूच. नैराश्य आलेल्या पुष्कळ माणसांत असंच काहीसं झालेलं असतं असं म्हणतात. नक्की कुठं बिघडतं आणि औषधानं ते परत कसं जुळतं, हे माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही. म्हणून उंदीर.

उंदीर दुःखी झाला हे कळणार कसं? त्याला विचारता येत नाही. त्याच्यापुढं दोन बाटल्या ठेवायच्या, एकीत साधं पाणी, एकीत साखरेचं फिकं पाणी. धडधाकट उंदीर गोडाकडं जातो. रोज बाटल्यांच्या जागा बदलायच्या, म्हणजे तो सवयीनं एकाच बाजूला जातोय अशी शंका नको. ताणानं खचलेला उंदीर दोन्ही बाटल्यांना सारखंच तोंड लावतो. त्याला गोडाचं काही राहत नाही. आमच्या उसाच्या मुलखात, जिथं गाळप सुरू झालं की वाऱ्याला मळीचा वास येतो, तिथं मी गोड नको झालेला उंदीर तयार करत होते. मामा म्हणायचे, "ताई, हितल्या उंदराला गोड नकोसं करायचं म्हंजी लई मोठं काम घेतलंसा."

मामा म्हणजे अ‍ॅनिमल हाउसचे सेवक. इंदापूरकडचे, घरी गाई, सकाळची धार काढून मोटारसायकलवर येणार. कॉलेजात सगळे त्यांना मामाच म्हणतात, प्राचार्यसुद्धा.

ताण म्हणजे मारहाण नव्हे. छोटे छोटे त्रास. पिंजऱ्यात अंथरलेलं भाताचं तूस ओलं करायचं. पिंजरा एका अंगाला कलता ठेवायचा. रात्रभर दिवा चालू. पाण्याची रिकामी बाटली लावून ठेवायची. अनोळखी उंदराच्या पिंजऱ्यात सोडायचं. एकेक पाहिलं तर काहीच नाही. माणसांच्या घरात याच्यापेक्षा जास्त होतं.

या त्रासांचं वेळापत्रक मी केलं. सोमवारी कलता पिंजरा, मंगळवारी रिकामी बाटली, गुरुवारी ओलं तूस, असं. रंगीत स्केचपेननं आखलं, लॅमिनेट केलं आणि दाराच्या मागं लावलं. मला त्या तक्त्याचा अभिमान होता. मामांनी तो पाहिला आणि म्हणाले, "येकदम कॅनॉलच्या पाळीवानी झालंय बघा. ज्येची पाळी त्येला पाणी. भांडाण न्हाय."

पद्धतीच्या वर्णनात 'अनियमित' असा शब्द होता. मी तो वाचला होता. त्याचा अर्थ मी असा घेतला की त्रास वेगवेगळे हवेत, एकच एक नको. ते कधी येतील हे कळू नये, हा अर्थ माझ्या डोक्यातच आला नाही. कसा येणार? आमच्याकडं त्रासाला वार असतो. कॅनॉलला पाणी पाळीनं. शेतीची लाईट या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री, तेही ठरलेलं. ऊसतोडीची टोळी पाळीनं. रात्री दोनला उठून पाणी धरायचं असलं तरी आदल्या दिवशी माहीत असतं, माणूस संध्याकाळी लवकर जेवून घेतो. त्रास ठरवून वाटून घ्यायचा असतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलं. मीही उंदरांना नीट, न चुकता, ज्याच्या त्याच्या वारी त्रास दिला.

काही आठवड्यांनी मामा मला हाक मारून आत घेऊन गेले. गुरुवार होता. मामांनी अजून पाण्याची बादलीही उचलली नव्हती. पिंजऱ्यातले उंदीर तूस सोडून वरच्या जाळीला, खाण्याच्या खोबणीला लटकून बसले होते. सगळे. पाणी ओतायची वाट बघत.

"बघितलं का?" मामा म्हणाले. "माझ्या गाई बी आशाच. खुराकाची बादली वाजायच्या आधी उभ्या."

आम्ही दोघं हसलो. मी फोटोसुद्धा काढला.

त्याच आठवड्यात साखरपाण्याची चाचणी होती. बाटल्यांचं वजन केलं. ताणातले उंदीर बिनताणातल्यांइतकंच गोड पाणी प्याले होते. एकानं तर बाटली जवळजवळ रिकामी केलेली. मी तराजू पुसला, परत वजन केलं. तेच.

सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, त्या दिवसांत कॉलेजच्या तपासणीच्या तयारीत बुडालेले होते. तरी आले. दाराच्या मागं गेले आणि तक्त्यापुढं उभे राहिले.

"हे काय आहे?"

"वेळापत्रक, सर."

"ते दिसतंय. छान आहे. कुणी केलं?"

"मी."

"उंदरांना वाचता येतं का?"

"नाही, सर."

"मग त्यांना पाठ कसं झालं?"

मामा मागून म्हणाले, "सर, बारामतीचं उंदीर हायती. हुशार आसणारच."

सर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि सावकाश बोलले. "अहो, ठरलेल्या त्रासाची सवय होते. शरीर तयारी करून ठेवतं, त्रास येतो, जातो, संप्रेरक वेळेवर थांबतं. तुम्ही त्यांना ताण दिलाच नाही. त्यांना नोकरी लावून दिलीत तुम्ही." मग तक्त्याकडं बोट करून म्हणाले, "हा काढा. अजून वेळ आहे. पुढची चाचणी शेवटची. त्यात काही दिसलं तर आपण पुढं जाऊ, औषधाचा टप्पा सुरू करू. नाही दिसलं तर मग..."

मग काय ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तुम्ही म्हणाल, अनियमित करणं सोपं आहे. मला जमलं नाही. मी मनानं ठरवायला लागले की दोन दिवसांत त्याचा क्रम लागायचा. ज्या दिवशी मी दमलेली, त्या दिवशी सोपा त्रास. ज्या दिवशी प्रॅक्टिकल नाही, त्या दिवशी ओलं तूस. माझ्या थकव्याचंच वेळापत्रक झालं. सरांनी कॉम्प्युटरवरून उलटसुलट यादी काढून दिली. पण यादी हातात असली की तयारी आदल्या दिवशी सुरू होते. मामा संध्याकाळीच बादली भरून पिंजऱ्यांजवळ ठेवायचे, आणि उंदीर बादलीकडं बघत बसायचे. मामांना सांगितलं तर म्हणाले, "काम आधी मांडून ठिवायचं न्हाय? मग काय करायचं, येळंवर धावायचं?"

म्हणून ठरलं की सकाळपर्यंत कुणालाच कळता कामा नये. मलाही नाही. चिठ्ठ्या.

आई तेव्हा माझ्याकडं, बारामतीलगतच्या जळोचीच्या दोन खोल्यांत होती. बारामतीला तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यांत थेंब घालायचे, वाकायचं नाही, गॅसपुढं उभं राहायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. जन्मात कधी रिकामी न बसलेली बाई काळा चष्मा लावून पलंगावर. शेजारणी तिला "आल्या का हिरॉइनबाई" म्हणून चिडवायच्या. ती माझ्यावर चिडायची.

"मला काय कपाटात मांडून ठिवलीया व्हय? काय तरी काम दे."

"डॉक्टरांनी सांगितलंय, आराम."

"डाक्टरला काय, त्यो घरला गेला. दे काय तरी. बसून बसून माझ्या मांड्या झोपल्या."

मी दोन स्टीलचे डबे घेतले. एकात काय करायचं त्याच्या चिठ्ठ्या, एकात केव्हा करायचं त्याच्या. काही चिठ्ठ्या कोऱ्या, म्हणजे त्या दिवशी काहीच नाही. आईला सांगितलं, उंदरांचं आज काय करायचं ते तू ठरवायचंस. रोज सकाळी मी कॉलेजला निघताना दोन्हीतली एकेक काढायची, मला द्यायची, वाचून झाली की मी परत टाकणार.

तिनं ते फार मनावर घेतलं. भिशीची चिठ्ठी काढतात तशी हात धुऊन बसायची, डबा कानाशी हलवायची, देवाचं नाव घ्यायची आणि डोळे मिटून हात घालायची. ऑपरेशन झालेला डोळा घट्ट मिटू नको म्हटलं तर "आंधळीच्या हातनं खरं निघतं" म्हणायची. चिठ्ठी माझ्या हातात देऊन विचारायची, "काय निघालं?" मी म्हणायचे, "बाटल्यांचं काम." किंवा "पिंजऱ्यांचं काम." खोटं नव्हतं. ती समाधानानं मान हलवायची. गावी माझ्या भावाला फोनवर सांगताना मी ऐकलं, "आगं, तिच्या कालेजचं काम माझ्याच हातनं हुतंय. मी चिठ्ठी काढल्याबिगर त्यांचं पान हालत न्हाय." भावाला अगं म्हटलं म्हणजे फोन वहिनीनं उचलला असणार.

आठवडे गेले. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले, सकाळी रिक्षा अडकायची, प्रॅक्टिकलची मुलं माझ्या आधी दारात. मी धावत जाऊन अ‍ॅनिमल हाउसमध्ये चिठ्ठीप्रमाणं करायचे आणि धावत परत. जेवणाचा डबा कधी दुपारी चारला, कधी घरी परत. रात्री अंग टाकलं की झोप यायची नाही, सकाळी उठवायचं नाही. माझ्याच रक्तात काय वाहत असेल ते मोजावं असा विचार एकदा आला. मोजायला किट लागतं, आणि किट उंदरांसाठी होतं.

एक दिवस सकाळच्या पहिल्याच तासाला माझं प्रॅक्टिकल होतं, म्हणून मामांना म्हटलं, तुम्ही जाता जाता घरी थांबा, आईकडून चिठ्ठी घ्या. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर मामा दारात उभे, हातात चहाचा कप, आणि बोलणं चाललेलं.

"आक्का, तुमचा हात लई वंगाळ हाय बरं का," मामा चेष्टेत सांगत होते. "परवा तुमी चिठ्ठी काढली आन् बिचाऱ्यांची सगळी रात दिव्याच्या उजेडात गेली. आन् काल तर वलं तूस. थंडीचं. कुडकुडत हुती."

आई म्हणाली, "कोण कुडकुडत हुती?"

"उंदरं की."

"मी काढली म्हून?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. कप खाली ठेवून म्हणाले, "ताई, मी फुडं हुतो." चिठ्ठी न घेताच गेले.

आई काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बघत होती. डोळे दिसत नव्हते.

"चिठ्ठीत काय आसतंय?"

मी सांगितलं. एकेक करून सगळं. चिठ्ठ्या सोडल्या तर मी तिच्याशी कधी आडपडदा ठेवला नव्हता, आणि त्या दिवशी तोही ठेवला नाही. टाकी, फ्लोट, मोटर, साखरपाणी, सगळं सांगितलं. ही तुकडी गेली तर माझं काय होईल तेही सांगितलं, ते तिला आधीपासून माहीत होतं.

तिनं चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाली, "जनावराला काय आमी मारत न्हाय व्हय? बैलाला मारतोय, म्हशीला मारतोय. पर त्येला ठावं आसतंय. नांगर धरला की चाबूक हाय. सोडला की न्हाय."

"तेच तर, आई. ठाऊक असलं की काही होत नाही त्यांना."

"मला सांगती व्हय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुझा आजा, माझा सासरा. तू बगितला न्हाईस त्येला, तू व्हायच्या आधी गेला. पाण्याची पाळी, जनावरांचं शान, दळान, त्येचं मला कधी काय वाटलं न्हाय. रातीत चारदा उठले आसंन. पर त्येची चप्पल दारात वाजली की हातातली भाकर हातातच ऱ्हायची. कवा येऊन हाताला धरून साखरंचा खडा दील आन् कवा ताट भिरकावून दील, काय म्हंजी काय न्हाय कळायचं. लगीन झाल्यावरच्या त्या दोन वर्सांत माझ्या भावानं दिवाळीला लाडू आणले, मी खाल्ले, मला मातीवानी लागले. सगळ्यांनी म्हटलं, हिला माहेरचं गोड बी लागंना, माज आलाय." तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. "मला वाटायचं माझ्या तोंडालाच काय तरी झालंय."

मी पलंगावर तिच्या शेजारी बसले. मला विषय पाठ होता. गोडाची आवड जाणं याला आम्ही काय म्हणतो, ते कसं मोजतो, मेंदूच्या कुठल्या भागात काय बघतो, सगळं. तिला विचारायला मला एकही प्रश्न सुचला नाही.

"आन् ह्या कोऱ्या चिठ्ठ्या?" तिनं विचारलं.

"त्या दिवशी काही करायचं नाही. मोकळा दिवस."

"मोकळा कुणाला? तुला ठावं हाय कोरी हाय म्हून. त्यांस्नी कुठं ठावं आसतंय?"

प्रॅक्टिकलची वेळ झाली होती. मी डब्यांकडं हात केला. म्हटलं, "राहू दे आई. आजपासून मी काढते."

तिनं डबे आपल्याकडं ओढून घेतले.

"तू नगं काढू. तुला जन्मभर हेच काम करायचं हाय, तुझ्या हाताला सवय लागंल. मी चार दिसांत गावाला जाणार." आणि हात घातला. या वेळी हात धुतला नाही, डबा हलवला नाही, देवाचंही नाव घेतलं नाही. दोन चिठ्ठ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि तोंड भिंतीकडं केलं. काय निघालं ते विचारलं नाही.

डोळा बरा होऊन डॉक्टरांनी जा म्हणेपर्यंत ती रोज अशीच चिठ्ठी काढत राहिली. आमच्यात यावर एक शब्द झाला नाही. इतर बोलणं नेहमीचंच होतं, भाजीत मीठ जास्त झालं, शेजारणीच्या सुनेनं पडदे बदलले. तिला मी इंदापूरच्या एसटीत बसवून दिलं. कळसच्या फाट्यावर भाऊ येणार होता. एसटी हलताना खिडकीतून म्हणाली, "जेवत जा येळंवर." पिशवी मांडीवर घेऊन पुढं बघत बसली.

त्यानंतर शेवटच्या चाचणीपर्यंतच्या चिठ्ठ्या मी काढल्या. सवय लागते का बघत होते. लागते.

चाचणीच्या सकाळी मी मामांच्या आधी पोचले. बाटल्या उतरवल्या, एकेक तराजूवर ठेवली. बिनताणातल्या उंदरांनी नेहमीसारखं गोड पाणी ओढलेलं. ताणातल्यांच्या बाटल्या बघताना मला वजनाची गरजही पडली नाही, डोळ्यांना फरक दिसत होता. गोडाची बाटली आणि साध्याची बाटली, दोन्हींची पातळी सारखी. एक उंदीर तर कोपऱ्यात केस विस्कटून बसलेला, मी बोट जाळीजवळ नेलं तरी वास घ्यायला पुढं आला नाही. पूर्वी यायचा. जाळीला लटकून पाण्याची वाट बघणाऱ्यांतलाच एक होता तो.

मामा आले. मी आकडे लिहिलेला कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो न वाचता माझ्या तोंडाकडं बघितलं.

"झालं?"

"झालं, मामा."

"मग आता पेढं वाटायचं का गप बसायचं?"

"गप बसायचं."

"बरं," म्हणाले, आणि झाडू घेतला.

सरांना फोन केला. त्यांचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. "सुटलात हो तुम्ही. आता औषधाचा टप्पा, मग मेंदूचे काप, रिसेप्टर मोजू, लिहायला बसा. काही काळजी नाही." त्यांना खरंच आनंद झाला होता. मी आभार मानले. मलाही आनंद झाला होता, हे मी लिहून ठेवते, कारण तो झाला होता. मी तशीच पायरीवर बसून राहिले. पुढच्या तासाची मुलं वरच्या मजल्यावरून "मॅडम, प्रॅक्टिकल आहे का?" म्हणून ओरडत होती.

संध्याकाळी घरी येऊन आईला फोन लावला.

"आई, झालं काम. तुकडी कामी आली."

"म्हंजी पास झालीस?"

"जवळजवळ. आता अडणार नाही."

"पक्की हुशील?"

"पुढच्या वर्षी होईन बहुतेक."

तिनं फोन बाजूला धरून भावाला सांगितलं, "पास झाली." मागून वहिनीचा, मग वडिलांचा आवाज आला. मग परत फोन कानाला लावला.

"गोड पेत न्हाईत आता?"

"नाही."

"सगळी?"

"जवळजवळ सगळी."

पलीकडं जनावरांच्या दावणीचं खडखडणं ऐकू आलं. ती बोलत बोलत गोठ्यात गेली असणार.

"मंग आता त्यांस्नी बरं करणार नव्हं? औषध देऊन?"

"निम्म्यांना."

"आन् बाकीची?"

"त्यांना औषधाच्या जागी साधं पाणी. नाहीतर औषधानं फरक पडला का आपोआप पडला, ते कळणार नाही."

"व्हय," ती म्हणाली. तिला ते पटलं, असं वाटलं. रानात ती एका वाफ्याला खत टाकून शेजारचा तसाच ठेवते, मी पाहिलंय. मग म्हणाली, "मंग कुणाला औषध आन् कुणाला पानी, ते कसं ठरवणार?"

"तेही चिठ्ठीनंच ठरवायचं असतं, आई. आपण निवडायचं नसतं."

"ती मी न्हाय काढनार."

"नको काढू. ती कॉम्प्युटर काढतो."

"कॉम्प्युटर काढतो व्हय," आई म्हणाली. "मंग बरं हाय. त्येला झोप लागत आसंल."